सॅक्सोफोन : पाहिलेला आणि ऐकलेला

या मासिकात आम्ही आजवर लिहिले ते बहुतेक मधुमेह, रक्तदाब आणि उतारवयात घ्यावयाची काळजी यांविषयी. तेव्हा आज आम्ही एका वाद्यसंगीताच्या कार्यक्रमावर लिहायला बसलो आहोत हे पाहून काही वाचक चष्मा पुसून पुन्हा नाव वाचतील. आम्हांला सुरांचे शास्त्र येत नाही. पेणला शाळेत असताना पेटीवर सारेगम शिकलो, तेवढीच विद्या. पण अडतीस वर्षे रुग्णांच्या उशाशी उभे राहून एक गोष्ट मात्र शिकलो, ती म्हणजे माणसाचा श्वास ऐकणे. ज्या वाद्याविषयी लिहावयाचे आहे ते सर्वस्वी श्वासाचे आहे, म्हणून हे धाडस.

दुसरे कारण असे की आम्हांला तसे सांगण्यात आले आहे. आमच्या गल्लीत एक महाराष्ट्रीय गृहस्थ राहतात. आपल्या समाजातले नव्हेत, मूळचे गिरगावातले. पण पंचवीस वर्षांचा शेजार आहे आणि त्यांच्या घरचा चिवडा व आमच्या घरचा मलिदा यांची देवाणघेवाण नित्याची आहे. इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सॅक्सोफोन हाती घेतला आणि पाहता पाहता एकाचे सहा झाले. या वसंत ऋतूत त्यांनी ओक ट्री रोडजवळच्या एका हॉलमध्ये हिंदी चित्रगीतांची वाद्यसंध्या केली, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आम्हांला गाठून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या मासिकात चार शब्द लिहा. पण खरे लिहा हं. इथे सगळे टाळ्याच वाजवतात."

आता खरे लिहिणे आले.

आयसेलिन ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्यू जर्सीत वुडब्रिज नगराच्या हद्दीत हे गाव येते. गावातून जाणारा ओक ट्री रोड पुढे एडिसनला मिळतो, आणि या रस्त्यावर साड्या, सोने, मिठाई, पाणीपुरी, जे म्हणाल ते मिळते. संध्याकाळी तेथे उभे राहिले तर दादरच्या रानडे रोडची आठवण येते, फक्त थंडी सोसावी लागते. गावातच मेट्रोपार्क नावाचे रेल्वे स्टेशन आहे. या स्टेशनचा पुढे दोनदा संबंध येणार आहे.

कार्यक्रमाला दीडशे माणसे होती. पडदा सरकला तेव्हा रंगमंचावर सहा सॅक्सोफोन आपापल्या स्टँडवर उभे होते, डावीकडून उजवीकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत, जणू शाळेच्या कवायतीची रांग. प्रथम सोप्रानो, शहनाईसारखा सरळ. मग आल्टो. मग सी-मेलडी म्हणून एक मधला प्रकार. मग दोन टेनर आणि शेवटी बॅरिटोन, त्याच्या वरच्या नळीला वेटोळे आणि अंगाला असे वजन की पट्टा मानेला काचतो. आमच्या या गृहस्थांनी अर्धा तास प्रत्येकाची माहिती सांगितली. ती माहिती चांगली होती, आणि त्यातील काही भाग येथे उतरवून घेतो, कारण आम्हांलाही ती नवी होती.

हे वाद्य अ‍ॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने काढले. जन्म १८१४, दिनाँ या गावी. पॅरिसला जाऊन १८४६ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी सूर निघतो तो बोरूसारख्या वनस्पतीच्या पातळ पट्टीतून, तिला रीड म्हणतात; म्हणून हे वाद्य जातीने बासरी-क्लॅरिनेटच्या घरातले मानतात, बिगुलाच्या नव्हे. सॅक्सला १८५३ च्या सुमारास ओठाचा कर्करोग झाला आणि पाचएक वर्षांनी तो त्यातून बरा झाला. त्या काळात! फुंकून वाजवण्याची वाद्ये करणाऱ्याच्या ओठालाच दुखणे व्हावे, हे ऐकून आमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी जीभ चावली. पुढे तो एकाहून अधिक वेळा दिवाळखोर झाला आणि १८९४ साली वारला. आपल्या वाद्याचे जॅझमध्ये काय झाले ते त्याने पाहिले नाही.

सी-मेलडीची गोष्ट आम्हांला सर्वांत आवडली. बाकीचे सॅक्सोफोन असे घडवलेले असतात की त्यांचा 'सा' पियानोच्या 'सा'शी जुळत नाही. वाजवणाऱ्याला कागदावरचे स्वर बदलून घ्यावे लागतात. सी-मेलडीला ही अडचण नाही. घरात आई पियानोवर बसली असेल तर तिच्या खांद्यावरून तोच कागद पाहून मुलाने वाजवावे. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेत ते घरोघरी विकले गेले, आणि पुढे मंदीच्या लाटेत ते कारखान्यांतून नाहीसे झाले. आता जुन्या सामानाच्या दुकानांत पडलेले असते. आमच्या शेजाऱ्यांनी आपले तसेच एका गॅरेज-सेलमधून उचलले. दोन टेनरपैकी एक पॅरिसच्या सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स, १९५४ पासून दोन दशके निघालेला आणि वाजवणाऱ्यांत अजून नावाजलेला. दुसरा इंडियाना राज्यातील एल्कहार्टच्या कॉन कंपनीचा. या दुसऱ्याच्या भोंग्यावर एका स्त्रीचे चित्र कोरलेले आहे. वहिनींनी घरी त्यावर कायम रुमाल बांधलेला असतो. त्या दिवशी रुमाल नव्हता.

आता वादनाकडे वळतो.

सोळा गाणी झाली. लॅपटॉपवर साथीचा तयार ट्रॅक लावलेला. त्यात तबला, ढोलक, व्हायोलिने, सर्व आधीच भरलेले. फक्त गायकाचा गळा काढलेला आणि त्या जागी आमचे शेजारी. म्हणजे मुखडा सॅक्सोफोनवर, अंतरा सॅक्सोफोनवर, पुन्हा मुखडा. गाण्यागणिक वाद्य बदलत होते. लोक प्रत्येक नव्या वाद्याला टाळ्या देत होते आणि पहिली ओळ ओळखीची लागली की स्वतःच गुणगुणू लागत होते. स्वर बरोबर लागत होते. वयाच्या साठीनंतर शिकलेल्या माणसाच्या मानाने फारच बरोबर. आणि तरी चौथ्या गाण्यापासून आम्हांला कंटाळा आला.

का आला याचा आम्ही घरी येऊन विचार केला. 'आराधना' (१९६९) मधील त्या पावसाळी रात्रीच्या गाण्याचे उदाहरण घ्या. ते गाणे आम्ही लहानपणी रेडिओवर शंभर वेळा ऐकले असेल. त्यात किशोरकुमार गातो, पण अंगावर काटा येतो तो तेवढ्याने नव्हे. तो एक ओळ म्हणून थांबतो, आणि त्या थांबलेल्या जागी सॅक्सोफोन बोलतो. गायक जे तोंडाने म्हणू शकत नाही ते तो म्हणतो. 'गाईड' (१९६५) मधील किशोर-लताच्या युगुलगीतात तेच, आणि 'काश्मीर की कली' (१९६४) मधील शम्मी कपूरच्या त्या नशेतल्या उदास गाण्यात तर सॅक्सोफोन नसता तर महंमद रफीसाहेब एकटेच पडले असते. तिन्ही गाण्यांत सॅक्सोफोन वाजवणारा माणूस एकच, मनोहारी सिंग.

त्या संध्याकाळी ही तिन्ही गाणी झाली. निवेदकाने संगीतकार सांगितले, गायक सांगितले, नायक-नायिका सांगितल्या, 'गाईड'चा दिग्दर्शकही सांगितला. मनोहारी सिंगांचे नाव कोणी घेतले नाही. सॅक्सोफोनच्या कार्यक्रमात! पोळीच्या पंगतीत लाटणारीचे नाव विसरावे तसे हे झाले. अर्थात दोष एकट्या निवेदकाचा नाही. त्या काळी रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती.

मनोहारी सिंग मूळ नेपाळी घराण्यातले, जन्म १९३१, कोलकात्याचा. बाटानगरच्या बूट-कारखान्याच्या बँडमधून ते वर आले, कोलकात्याच्या हॉटेलांत वाजवले, आणि १९५८ साली मुंबईला आले. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या संगीताची वाद्यरचना त्यांनी बासुदेव चक्रवर्तींबरोबर केली. २०१० साली मुंबईतच वारले. त्यांच्या आजूबाजूला गोव्याची मंडळी होती. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांनी स्वरलेखन करून साठ-साठ वादकांना कागद वाटावेत आणि ध्वनिमुद्रण व्हावे, असा तो काळ. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला शिकवीत, म्हणून हे जमले. त्याआधी ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून वीसेक वर्षे वाजत होता. ते स्वतः सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजवीत. म्हणजे मुंबईत हे वाद्य वरून हॉटेलांतून आले आणि खालून लग्नाच्या बँडमधून. आपल्या नागपाड्याच्या आणि भायखळ्याच्या लग्नांत लाल कोट, सोनेरी झालर आणि घामाने भिजलेली टोपी घातलेला जो माणूस सर्वांत पुढे चालत वाजवीत असे, त्याच्या हाती क्लॅरिनेट नसेल तर हेच असे. आमच्या मावसबहिणीच्या लग्नात त्याने एका हाताने भजी खाता खाता दुसऱ्या हाताने वाद्य सांभाळले होते. रीड तोंडात भिजवून ठेवावी लागते हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे, आणि भज्यांचा विचार करून अंगावर शहारा येतो.

तर आमचे म्हणणे असे आहे. हिंदी गाण्यातील सॅक्सोफोन हा गायकाचा जोडीदार आहे, त्याचा डमी नव्हे. गायकाला काढून त्याच्या खुर्चीवर सॅक्सोफोन बसवला की दोघेही जातात. शब्द गेल्यामुळे गायक जातो, आणि उत्तर द्यायला समोर कोणी उरत नाही म्हणून सॅक्सोफोनही जातो. उरते ती ओळखीची चाल, आणि ती ओळखल्याचा आनंद. तो आनंद खोटा नाही. परदेशात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला तो पुरतो. पण मग सहा वाद्ये कशाला? त्या कामाला एक पुरे आहे, किंबहुना मोबाईल पुरे आहे.

येथे कोणी म्हणेल, बाई, तुम्ही फार कठोर झालात. थांबा. नववे गाणे सांगावयाचे राहिले आहे.

नववे गाणे 'काश्मीर की कली'तले. कॉन कंपनीचा तो स्त्रीच्या चित्राचा टेनर गळ्यात होता. मुखडा झाला आणि लॅपटॉप अडकला. पडद्यावर ते फिरते चक्र. कोणाचा तरी नातू धावला. आमचे शेजारी क्षणभर गोंधळले, आणि मग, बहुधा काय करावे ते न सुचल्यामुळे, त्यांनी गाण्याच्या मधला तो सॅक्सोफोनचा तुकडा एकट्याने वाजवायला घेतला. तबला नाही, ताल नाही. ते ट्रॅकच्या मागे धावत नव्हते, म्हणून त्यांना श्वास घ्यायला सवड मिळाली. खालचा एक सूर त्यांनी धरला, तो जरा थरथरला, तुटेल असे वाटले, तुटला नाही. सुराच्या शेवटी नुसती हवा निघाली, 'हूऽऽ' अशी. आम्ही दोन मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. मग नातवाने लॅपटॉप चालू केला आणि सर्व पूर्ववत झाले. मध्यंतरात कोणी तरी आयोजकांना म्हणाले, "तेवढे एक गाणे बिघडले." आमच्या मते तेवढेच एक जमले.

सुराच्या शेवटी निघालेली ती हवा आम्ही पूर्वी कोठे ऐकली होती ते घरी आल्यावर आठवले. बेन वेब्स्टर. हे नाव आमच्या मुलाने आम्हांला शिकवले. वेब्स्टर हा कॅन्सस सिटीचा, जन्म १९०९. १९४० पासून काही वर्षे ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये टेनर वाजवीत असे, आणि १९५९ साली ऑस्कर पीटरसनच्या पियानोबरोबर त्याने केलेली तबकडी मुलाने आम्हांला वाढदिवसाला दिली. वेगाच्या गाण्यांत तो गुरगुरतो. पण संथ गाणे घेतले की सूर संपल्यावरही त्याचा श्वास ऐकू येत राहतो. रात्रपाळीला वॉर्डातले दिवे मंद केले की जसा ऐकू येतो, अगदी तसा. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही हातातले विणकाम खाली ठेवले.

मेट्रोपार्कहून उत्तरेला गाडी पकडली तर अर्ध्या तासाच्या आत नेवार्क येते. तेथे रटगर्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात जॅझच्या अभ्यासाची एक संस्था आहे. मार्शल स्टर्न्स नावाच्या प्राध्यापकाने १९५२ साली ती सुरू केली आणि १९६६ साली ती रटगर्सकडे आली. तेथे बेन वेब्स्टरचा टेनर ठेवलेला आहे. १९३८ पासून १९७३ साली मरेपर्यंत त्याने हे एकच वाद्य वाजवले. त्याचे नाव त्याने 'ओल बेट्सी' ठेवले होते, आपण म्हातारी गाय गोठ्यात असेल तर लाडाने म्हणतो तसे. आणि मरताना सांगून ठेवले की माझ्यामागे हे कोणीही वाजवू नये.

आम्ही ते जाऊन पाहिले. काचेआड एक पिवळट, झिजलेले, सामान्य दिसणारे वाद्य. पस्तीस वर्षे एका माणसाची बोटे त्यावर फिरलेली. आमच्याबरोबर आलेल्या आमच्या मुलाला ते पटले नाही. "वाद्य न वाजवता ठेवणे म्हणजे ते मारणे," असे तो म्हणाला. आम्हांला तसे वाटले नाही. मृत माणसाची कवळी काढून, धुऊन, नातेवाइकांच्या हाती देण्याचे काम आम्ही कितीदा केले आहे. ती कवळी दुसऱ्या कोणाच्या तोंडात बसत नाही आणि ती बसवून पाहण्याचा विचारही कोणी करीत नाही. वेब्स्टरचा सॅक्सोफोन त्याच्या तोंडाचाच भाग झाला होता. त्याने सांगून ठेवलेल्या शब्दाचा मान राखला गेला, हे आम्हांला परिचारिका म्हणून योग्य वाटले.

पण त्या काचेआड जाण्यासाठी आधी पस्तीस वर्षांचा श्वास लागला. आमच्या शेजाऱ्यांच्या तळघरात पाच वाद्ये त्याआधीच काचेच्या कपाटात गेली आहेत. मखमलीवर ठेवलेली, महिन्यातून एकदा पुसलेली. संग्रह करण्यात वाईट काही नाही. संग्राहक नसते तर सी-मेलडी आज भंगारात गेले असते, आणि ही सगळी माहिती आम्हांला सांगितली असती कोणी? तरीही ज्याने टेनर एकदा गळ्यात अडकवला त्याने तोच धरून बसावे, तो आपल्या श्वासाला सरावेपर्यंत, असे आम्हांला वाटते. सहा वाद्यांत विभागलेला श्वास कोणालाच पुरत नाही.

आता दुसऱ्या दिशेची गाडी. मेट्रोपार्कहून दक्षिणेला गेले की प्रिन्स्टन जंक्शन लागते. तेथील विद्यापीठात रुद्रेश महंतप्पा यांनी २०१६ साली जॅझ विभागाचे संचालकपद घेतले. आईवडील दक्षिण भारतीय, जन्म १९७१ चा इटलीतला, वाढले कोलोरॅडोत. आल्टो वाजवतात. विद्यार्थी असताना त्यांच्या भावाने त्यांना थट्टेने एक तबकडी दिली, भारतीय पद्धतीच्या सॅक्सोफोनची. वाजवणारे होते कद्री गोपालनाथ.

गोपालनाथ हे मंगळूरकडचे, म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्या खालच्या अंगाचे. जन्म १९४९. वडील नागस्वरम् वाजवीत. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये मुलाने सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचे ठरवले. सॅक्सोफोनला चाव्या असतात. एका चावीपासून दुसरीपर्यंत उडी मारावी लागते. आपल्या गाण्याला तर दोन सुरांच्या मधला रस्ताच हवा असतो. त्यांनी वाद्यात फेरफार केले, ओठ आणि श्वास कमावला, आणि मांडी घालून, रेशमी शर्ट घालून, मृदंगमच्या शेजारी बसून ते रागदारी वाजवू लागले. १९८० साली मुंबईच्या जॅझ महोत्सवात कॅलिफोर्नियाच्या जॉन हँडी यांनी त्यांना ऐकले आणि त्यांच्याबरोबर वाजवले. तेथून त्यांचे नाव बाहेर झाले. १९९४ साली लंडनला बी.बी.सी.च्या प्रॉम्समध्ये, २००४ साली पद्मश्री, २०१९ साली निधन.

१९८० साली आम्ही मुंबईला धोबीतलावच्या बाजूला परिचारिकेचे शिक्षण घेत होतो. त्या भागात रंगभवन हे उघड्यावरचे नाट्यगृह. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा भरू लागली होती, आणि रंगभवनात असा कार्यक्रम असला की भिंतीपलीकडून वाद्यांचा आवाज वॉर्डात येई. आमच्या थोरल्या सिस्टरबाई खिडक्या लावायला सांगत. एका रात्री पोटाच्या ऑपरेशनचा एक म्हातारा, कोळी होता, म्हणाला, "राहू दे गं पोरी, उघडी राहू दे. शहनाई वाजतेय." ती शहनाई नव्हती. आम्ही खिडकी अर्धी उघडी ठेवली आणि बोलणी खाल्ली. पुढे रुग्णालयांमुळेच तेथील कार्यक्रमांवर बंदी आली, आणि ते नियमाला धरूनच झाले. तरी त्या म्हाताऱ्याचे काय, असे मनात येते.

असो. महंतप्पा आणि गोपालनाथ यांनी एकत्र वाजवलेली तबकडी २००८ साली निघाली, नाव 'किन्समेन', म्हणजे सगेसोयरे. व्हायोलिनवर कन्याकुमारी, मृदंगमवर पूवलूर श्रीजी, गिटारवर रेझ अब्बासी. आमच्या शेजाऱ्यांनी ती ऐकावी म्हणून आम्ही हे सर्व सांगत आहोत. दोघांच्याही हाती आल्टोच. एकाच जातीचे वाद्य, आणि अर्ध्या मिनिटात कळते की कोण कोणता. गोपालनाथ सूर दुधाच्या सायीसारखा ओढीत नेतात; महंतप्पांचा सूर सुरीसारखा, कडा असलेला. एकाने प्रश्न टाकला की दुसरा त्याची नक्कल करीत नाही, उत्तर देतो. 'कल्याणी' नावाच्या तुकड्यात (कल्याणी म्हणजे आपल्या यमनाची थोरली बहीण समजा) आम्हांला पेणच्या शाळेतली पेटी आठवली. सर्वच आवडले असे नाही. काही ठिकाणी ड्रम इतके दाटतात की दोघे बिचारे गर्दीच्या लोकलमध्ये चढल्यासारखे वाटतात. आमच्या यजमानांनी दुसऱ्या तुकड्यालाच उठून चहा ठेवला. पण पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखे त्यात आहे, आणि त्यात कोणा गायकाची रिकामी खुर्ची नाही.

आता जे आम्ही छापावे की नाही असा विचार करीत होतो ते. शेजाऱ्यांनी परवानगी दिली म्हणून छापतो. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसाचे दुखणे निघाले. तारुण्यात मुंबईच्या एका गिरणीच्या धुळीत काढलेली वर्षे आणि पुढे सिगारेट, दोन्हींचा हिशेब आला. डॉक्टरांनी वाजवायला मनाई केलेली नाही, पण बॅरिटोन आता त्यांच्याने होत नाही आणि टेनरही फार वेळ नाही. दम्याच्या रोग्यांना आम्ही शिकवत असू : नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करा, आणि मेणबत्ती विझणार नाही, फक्त हलेल, इतक्या हळू सोडा. त्यांना तेच शिकवायला गेलो तेव्हा हसून म्हणाले, "सिस्टर, हे तर आमचे गुरुजी पहिल्या दिवशी शिकवतात." मग म्हणाले, "या सहांचे काय करू? मुलांना नकोत. विकू? की नेवार्कसारखे एखाद्या काचेत ठेवायला सांगू?"

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. या लेखाचा कच्चा मसुदा मात्र त्यांना वाचायला दिला, कारण त्यांच्या पाठीमागे छापणे आम्हांला बरे वाटेना. तीन दिवस कुंपणापाशी कोणी आले नाही. चौथ्या दिवशी वहिनी चिवड्याचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, रागावले होते थोडे. पण लॅपटॉप बंद करून ठेवलाय. रोज संध्याकाळी सी-मेलडी घेऊन बसतात, पंधरा मिनिटे. मधेच थांबतात, मग पुन्हा." टेनरांपेक्षा ते हलके पडते, आणि त्याला हवाही कमी लागते म्हणे. वाजवतात तेच, 'काश्मीर की कली'तला तो मधला तुकडा. मुखडा नाही.

कॉनचा टेनर आहे तेथेच आहे, रुमालासकट. आल्टो त्यांनी समोरच्या घरातील सहावीतल्या मुलीला शाळेच्या बँडसाठी दिला आहे. आम्ही तिला नवा माउथपीस घ्यायला लावला आणि रीड कशी धुवावी ते दाखवले. पहिले दोन आठवडे तिच्याकडून एकच सूर निघत होता, तोही बदकासारखा. आता तीन निघतात. खिडकी उघडी असली की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात.